तिसऱ्या भागापासून

माझे आण्णा, म्हणजे वडील सोनबा, तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. स्वारगेट ते वेल्हे या रस्त्यावर त्यांचा आवाज गाडीच्या हॉर्नच्या वर जायचा. घरात मात्र त्यांचे शब्द तीनच: व्हय, न्हाई आणि मीठ. रिटायर झाल्यावर उरलेलं बोलणं घरी आणतील असं मला वाटलं होतं. आणलं नाही.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिचा फोटो भिंतीवर आहे, पण आण्णा तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि मीही विचारायचं सोडून दिलं. दोन मुके पुरुष चोवीस वर्षं एका घरात राहिले आणि कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मग जानेवारीत भोरच्या विहारात माझं लग्न झालं आणि माया घरी आली. सोबत एक जड खोकं होतं. मी आणि शेजारच्या बंडूने ते घाम गाळत टेम्पोतून उतरवलं. भांडी असतील म्हणून मी खूश होतो. निघाल्या इंद्रजित वेळवंडकरांच्या कादंबऱ्या, ‘नऊ खोऱ्यांचं राज्य’, सात भाग. बोलणाऱ्या नद्या, धुक्याचे घोडे, उलट्या पावलांच्या राण्या. एकेक भाग उशाला घेता येईल इतका जाड. मायाने ते आईच्या फोटोखालच्या फळीवर लावले. एवढ्या जागेत सहा जणांचा डिनर सेट मावला असता, असं मी म्हणालो आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

मायाला खुपत होतं ते वेगळंच. नऊ महिने झाले तरी आण्णा तिच्याशी बोलत नव्हते. आपण त्यांना आवडत नाही असं तिने धरूनच ठेवलं होतं. ते माझ्याशीही बोलत नाहीत, अशी मी समजूत घातली. तुम्हाला सवय झालीय, मला ती लावून घ्यायची नाही, म्हणाली. हा टोमणा होता हे मला दोन दिवसांनी कळलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी आण्णा त्या फळीसमोर जाऊन उभे राहिले. एकेक नाव वाचलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “ह्यात कुठनं सुरू करायचं?”

मायाची तव्यावरची भाकरी करपली. संध्याकाळी सांगते म्हणाली आणि दिवसभर भोरच्या मैत्रिणींना फोन करत बसली. सरळ पहिल्यापासून, असं निम्म्या जणींचं मत. पण पहिल्या भागात शंभर पानं नुसती वंशावळ, भलेभले वाचक तिथेच गळतात. आण्णांनी पुस्तक मिटलं की तोंडही मिटणार, आणि परत ते कधी उघडेल याची खात्री नाही. सगळ्यात बारीक भाग दे, असा सल्ला मी दिला. मी एक पान वाचलं नव्हतं, पण सल्ला द्यायला वाचावं लागतं असं कुठे आहे? शेवटी तिने तिसरा भाग दिला, किल्ल्याच्या वेढ्याचा.

“हा लगेच पकड घेतो, मामा,” ती म्हणाली. आण्णा म्हणाले, “व्हय.”

चार दिवस ते ओट्यावर चष्मा लावून वाचत होते आणि माया दारामागून पानं मोजत होती. पाचव्या दिवशी आण्णांनी तक्रार केली. लेखकाला शेतीतलं कळत नाही, ऐन कापणीत फौज बाहेर काढली, मग भात कापलं कुणी? माया इतकी खूश झाली की लेखकाची बाजू घेऊन अर्धा तास भांडली. मी जेवणाची वाट बघत बसलो. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

पुढच्या आठवड्यात आमचीही कापणी सुरू झाली. आमच्याकडे ती सावडीने होते: आज तुम्ही आमच्या रानात राबलात की उद्या आम्ही तुमच्या. दिवसाला दिवस. यात आण्णा फार कडक. बंडूच्या घरचा एकदा अर्धा दिवस फेडायचा राहिला, तर आण्णांनी तो पुढच्या वर्षी आठवणीने फेडला.

पहिल्याच दिवशी भात कापता कापता त्यांनी मायाला विचारलं, “ती धाकली राणी कोन? समदी तिच्यासाठी रडत्यात, आन् मला ती म्हाईतच न्हाई.”

मायाचा चेहरा उतरला. ती राणी दुसऱ्या भागाच्या शेवटी मरते, आणि दुसरा भाग तर तिनेच गाळायला लावला होता. पण मागे जाऊन वाचा, असं ती म्हणाली नाही. शेजारची कापणीची पात धरली आणि ऊन उतरेपर्यंत दोन्ही भाग तोंडी सांगितले, वंशावळीसकट. राणी मेली तिथे आण्णांचा विळा थांबला. मी पेंढ्या उचलत होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा टेम्पो घेऊन कापूरहोळच्या ढाब्यावर माल पोचवायला निघालो होतो. आण्णांनी मायाला ओट्यावर बोलावलं आणि काल तिने त्यांच्यासाठी एक दिवस घातला, तो फेडायचा आहे असं सांगितलं. तसलं काही नसतं मामा, ती म्हणाली.

“आसतं. तूबी ह्या घरात तिसऱ्या भागातच आलीस. पयले दोन तुला कुनी सांगितलं न्हाईत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “प्रशिक, तूबी बस. तुलाबी म्हाईत न्हाईत.”

ही चूक कुणाची, यावर भांडायची मला फार इच्छा झाली. चोवीस वर्षांचा राग होता तो. पण मी ढाब्यावर फोन करून टेम्पो सुरू होत नाही असं सांगितलं आणि किल्ली खिशात टाकून पायरीवर बसलो.

आण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“रत्ना नसरापूरला हुबी व्हती,” ते म्हणाले. आईचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. “मला इचारलं, ही गाडी भोरला जाती का? म्या म्हनलो, न्हाई, येल्ह्याला जाती. तरी बसली.”