माफीचा हुकूम

नकला करण्यात नकल्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि माफी मागायची वेळ आली की पळ काढण्यातही नव्हता. सध्या तो भुताची नोकरी करत होता. बंद पडलेल्या जुन्या तुरुंगात कुणीतरी खेळ सुरू केला होता: तिकीट काढून स्वतःला कोंडून घ्यायचं आणि तासाभरात कोडी सोडवत बाहेर पडायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते उगीच नाही. शेवटच्या कोठडीत नकल्या बसायचा, तोंडाला पांढरा रंग, छातीपर्यंत केसांचा टोप. फाशी गेल्यावर ज्याच्या माफीचा हुकूम आला, त्या कैद्याचं हे भूत. खेळणाऱ्यांनी तो हुकूम शोधून मोठ्यानं, शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. मग भुतानं गळ्यातली किल्ली काढून द्यायची. भुतानं बोलायचं मात्र नाही.

त्या दुपारी दार करकरलं आणि आत आली ताई. तिच्या मागून भाऊजी. नकल्यानं मान खाली घातली.

भाऊजी बोलताना अडखळायचे. लग्न झाल्यापासून नकल्याला सख्ख्या भावासारखं वागवणारा हा माणूस. आणि नकल्यानं काय करावं? नाटकाच्या दुसऱ्या अंकात हशा कमी पडतोय म्हणून त्यांचं अडखळणं जसंच्या तसं उचलून रंगमंचावर ठेवलं. लोक हसून हसून लोळले. भाऊजी पुढेच बसले होते. तेव्हापासून ते चारचौघांत बोलेनासे झाले. दुकानातही बोटानं वस्तू दाखवायचे. ताईनं नकल्याचा फोन घेणं बंद केलं. नकल्या आपला ज्याला त्याला सांगत फिरला, ‘नाटक होतं ते.’ रात्री स्वतःला सांगायला गेला की मात्र पटायचं नाही.

आता रंगाआड त्याला कोण ओळखणार? तो तसाच बसून राहिला.

ताईला भिंतीच्या कोनाड्यात हुकूम सापडला. तीच वाचेल असं त्याला वाटलं. तिनं कागद भाऊजींच्या हाती दिला. भाऊजींनी चष्मा लावला, घसा खाकरला.

“या... या कै... कैद्यानं के... केलेला अ... अ...”

मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. ताईनं मदत केली नाही, नुसती उभी राहिली. नकल्याला हुकूम पाठ होता. त्याच्या शेवटी होतं, ‘तुला माफ केलं आहे, घरी जा.’ तिथवर पोचायला या माणसाला किती यातना होतील! निदान आज तरी त्याचे हाल आपल्यामुळे नकोत, असं नकल्याला मनापासून वाटलं. त्यानं गळ्यातली किल्ली काढली आणि पुढे धरली.

भाऊजी शब्दाच्या मध्येच थांबले. किल्लीकडे पाहत राहिले. मग कागदाची घडी घालून त्यांनी ती कोनाड्यात ठेवली, किल्ली घेतली, दार उघडलं आणि बाहेर गेले.

ताई मागे राहिली.

“ओळखलं नसेल असं वाटलं तुला? अरे, टोपातून डोकावणारे हे कान लहानपणी मी पिळलेत.” तिनं कोनाड्याकडे बोट दाखवलं. “तू इथं भूत होतोस हे कळलं, तेव्हा खाली तिकिटाच्या खिडकीजवळच्या पाटीवरून उतरवून घेतला होता हुकूम त्यांनी. आठवडाभर दार लावून घोकत होते. म्हटलं, मी सांगते त्याला. तर म्हणाले, माझ्याच तोंडून ऐकू दे. आणि तू पुन्हा त्यांना बोलू दिलं नाहीस.”

नकल्या टोप फेकून धावला. भाऊजी जिन्याच्या तोंडाशी होते.

“भाऊजी, चुकलं माझं! तेव्हाही चुकलं, आत्ताही. वाचा ना पुढचं. मी ऐकतो.”

भाऊजी वळले. त्याच्या रंग ओघळलेल्या तोंडाकडे पाहून कसंनुसं हसले. ओठ हलले, शब्द अडला. या वेळी नकल्या हलला नाही, वाक्य पुरं होईपर्यंत थांबला.

“रा... राहू दे आता. दा... दार उघडलंय ना,” भाऊजी म्हणाले, आणि जिना उतरू लागले.