करंगळीच्या बाजूचा वळ

वळ दोन बोटं लांब होता आणि डाव्या मनगटाच्या करंगळीकडच्या कडेला उठला होता. हौदावर हात धुता धुता वहिनीने तो निरखून पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला. दुखत होता.

जनावर पाण्यावर नेणाऱ्या कुणालाही विचारा. जो पुढे चालतो त्याच्या मनगटाला दोर अंगठ्याच्या बाजूने काचतो. ज्याला ओढून न्यावं लागतं त्याच्या मनगटाला मागून, करंगळीकडून. चौदा वर्षं वहिनीचा वळ अंगठ्याकडे उठायचा. गेलं वर्षभर तो बाजू बदलून बसला होता, आणि तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला तिची नणंद असायची. तापात चौथ्या वर्षी डोळे गेले आणि तरी अंगणात गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा भिंगरी सात वर्षांची होती आणि कुणी हात धरला की चावायची. वहिनीने हात धरला नाही. लांब उभं राहून ताटली वाजवली. पोरगी आवाजाच्या रोखाने धावत आली आणि तिच्या पोटावर आदळली. तिथून दोघींचं जमलं.

त्या वेळी आंधळ्यांची शर्यतही तशीच व्हायची. तालुक्याच्या खेळात बक्षिसं वाटून झाली, खुर्च्या उचलायला लागले की शेवटी पाच-सहा पोरींना एका रेघेवर उभं करायचे आणि पलीकडे एक जण ताटली बडवायचा. पोरी एकमेकींवर आदळायच्या, लोक हसायचे. भिंगरी पहिली आली तर शेजारीण म्हणाली होती, "वासरात लंगडी गाय शहाणी."

पुढे अंधशाळेचे मास्तर कुठून तरी नियमांचं पुस्तक घेऊन आले. आंधळी पळणारी आणि तिच्या शेजारी पळणारी डोळस सोबतीण यांची मनगटं जोडणारी दोरी आली. दोरी किती लांब असावी हे आलं. सोबतिणीनं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, रेघ आधी पळणारीनं ओलांडायची. नंतर घड्याळ आलं, पळायला आखलेली पट्टी आली. सोबतिणीला पदक मात्र नव्हतं. भिंगरी जिंकली की वहिनी खाली तिच्या चपला धरून उभी. यंदा नियम बदलला, सोबतिणीलाही पदक. नेमकं यंदा वहिनीच्या गुडघ्याने मान टाकली.

"दोघी एका दाव्याला बांधल्यासारख्या किती दिवस पळणार?" उंबऱ्यावर बसून सासू म्हणाली. तिच्या हातात गरम पाण्याची पिशवी होती. "घे, लाव गुडघ्याला. आणि ऐक. जोडीतला एक बैल थकला की दुसऱ्याला त्याच्याच चालीनं चालावं लागतं. तुला सांगायला नको."

"मी कुठं थकले?"

"मी कुठं तुझं नाव घेतलं?"

वहिनी हसली, पण पिशवी घेतली.

मास्तर वर्षभर एकच गोष्ट सांगत होते. शहरात एक पोरगी आहे, वीस वर्षांची, डोळस, पायाला चाकं लावल्यासारखी पळते. ती सोबतीण व्हायला तयार आहे. वहिनी म्हणायची, खुरपणी होऊ द्या. मग म्हणायची, काढणी होऊ द्या. राज्याच्या खेळांच्या गेल्या निवडीत दोघी दीड सेकंदाने हुकल्या. "साडेचौदाच्या आत आलं तर नेतात, नाही तर नाही," मास्तर म्हणाले होते. आता आठ दिवसांवर पुन्हा निवड होती आणि सोबतिणीचं नाव आज कळवायचं होतं. एकदा कळवलं की बदलता येत नाही.

पावसाने ओढ दिली होती. फळी मारून सपाट केलेलं रान पेरणीविना पडून होतं आणि वरून फरशीसारखं टणक झालं होतं. घरधनी त्याच्याकडे बघून उसासे टाकायचा. या दोघी मात्र शंभर मीटरवर चुन्याचे दोन दगड ठेवून त्यावर पळायच्या.

त्या सकाळी वहिनीने दोरी कमरेला खोचली आणि ताटली-पळी घेतली.

"आज दोरी नको. गुडघा धरलाय. लहानपणीसारखी आवाजावर ये."

"आता काय लहान आहे मी?" भिंगरी म्हणाली. "ताटली तरी तीच आहे का?"

"तीच. पोचा पडलेली."

भिंगरीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. वहिनी पलीकडच्या दगडाशी गेली. एका हातात ताटली आणि मास्तरांचं घड्याळ, दुसऱ्या हातात पळी. तिने हाळी दिली आणि वाजवायला लागली.

भिंगरी सुटली. दोरी आल्यापासून वहिनीने तिला पळताना समोरून कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी स्वतः शेजारी असायची, श्वास सांभाळत. आता मान वर करून, तोंड उघडं टाकून येणारी ती पोर पाहताना पळी हातातून सुटायला आली. भिंगरी दगड ओलांडून थेट तिच्या अंगावर आदळली. दोघी मातीत बसल्या.

"किती?" भिंगरीने धापा टाकत विचारलं.

वहिनीने घड्याळावरची माती पदराने पुसली.

"वहिनी, किती आलं?"

खोटं सांगता आलं असतं. घड्याळ काही भिंगरीला दिसत नव्हतं.

"चौदा पॉइंट दोन."

भिंगरीचं हसू जागच्या जागी विझलं. चोरी सापडल्यासारखी ती मातीत बोटं फिरवू लागली.

"वारा मागून असेल."

"पान हलत नाहीये. काल माझ्याबरोबर सोळा आले. कधीपासून आवरून पळतेस?"

भिंगरीने बोटांची माती झटकली.

"तुझा गुडघा वाजतो," भिंगरी म्हणाली. "तुला वाटतं कुणाला कळत नाही. प्रत्येक पावलाला वाजतो. तो वाजला की मी कमी करते. मग काय करू, फरफटत नेऊ तुला?"

"निवड हुकली तुझी."

"हुकू दे. तुझ्याशिवाय पदक आणून काय चुलीत घालू? दुसऱ्या कुणाची पावलं मला ओळखता येत नाहीत."

"शिकशील. माझी शिकलीस तशी."

"नाही शिकायची मला."

बांधावर सायकल वाजली. मास्तर उतरले, खिशातून कागद काढला. सोबतिणीच्या रकान्यात त्यांनी सवयीने वहिनीचंच नाव लिहून आणलं होतं.

भिंगरीने चाचपत वहिनीच्या कमरेची दोरी ओढून काढली. एक फास स्वतःच्या मनगटात घातला आणि दुसरा वहिनीपुढे धरला. वहिनीने तो फास घेतला, पण मनगटात घातला नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. गुडघा वाजला, आणि भिंगरीने मान खाली घातली.

"काय मग," मास्तरांनी विचारलं, "पाठवू हेच?"

"माझं खोडा," वहिनी म्हणाली. "त्या पोरीचं लिहा."