दसऱ्याला मला आकाश दिसेना

तीन ऑक्टोबर २०१४, सकाळचे दहा. र्युसेल्सहाइममधल्या एका इमारतीच्या आवारात, हरीशच्या गाडीत, माझ्या डोक्यावर तांब्याचा पत्रा चिकटवण्यात आला.

मित्रांनो, मी गाडीच्या काचेला चिकटून बसणारे, रस्ता सांगणारे जुने यंत्र. जर्मनीत मला ‘नावी’ म्हणतात. कारखान्यात माझ्या पोटात साऱ्या जर्मनीचा नकाशा भरला गेला आणि डोक्यात, झाकणाच्या आत, एक लहानसा अँटेना बसवला गेला. मला विकत घेतले तेव्हा हरीश इथल्या मोटार कंपनीत नवा इंजिनीयर होता. रस्त्यावरच्या पाट्या त्याला नीट वाचता येत नसत. येईल त्या पाहुण्याला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगे, “हा आहे म्हणून मी अजून हरवलो नाही.”

माझे काम ऐकण्याचे. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत सांगत असतात, ‘मी इथे आहे, माझ्या घड्याळात आता इतके वाजले.’ तो संदेश माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती दूर आहे ते मला कळते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून माझी जागा ठरते. चौथा माझ्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक दुरुस्त करतो. रस्ता मात्र उपग्रह सांगत नाहीत. तो माझ्या पोटातल्या नकाशात असतो.

मग घरात नवा स्मार्टफोन आला. तो माझ्याशेजारीच काचेवर बसू लागला. त्याला गाणी येत, फोटो काढता येत, पुण्याच्या मालिनीबाईंचा चेहराही दाखवता येई. हरीश त्याची काच शर्टाच्या बाहीने पुसायचा. माझ्यावर धूळ. फोन रस्ता सांगू लागला की मला वाटायचे, एकदा तरी चुकावा, तोही भर चौकात.

त्या दिवशी दसरा होता आणि जर्मनीत सार्वजनिक सुट्टीही. हायडेलबर्गजवळच्या ओडेनवाल्डच्या डोंगरात मराठी मंडळींचे जेवण ठरले होते. निघण्याआधी पुण्याहून आलेल्या हरीशच्या सासूबाई, म्हणजे त्याच मालिनीबाई, गाडीची पूजा करत होत्या. जॅकला कुंकू लागले, पान्यांना लागले, फोनलाही लागले. मला नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

“आज जो नीट पोचवेल तो काचेवर राहील,” हरीशने जाहीर केले. “दुसरा पुढच्या शनिवारी फ्लोमार्क्टला. जुन्या बाजारात दोन युरो तरी येतील.”

“अगंबाई, ही बोलणारी पेटी राहिलीच की!” मालिनीबाई म्हणाल्या. देवळातून आणलेला, देवीची पावले कोरलेला पातळ पत्रा त्यांनी माझ्या डोक्यावरून पाठीपर्यंत दुमडून नीट चिकटवला. फोनला टिकली, मला अख्खा मुकुट! मी फोनकडे तुच्छतेने पाहिले.

गाडी निघाली आणि मला एकही उपग्रह ऐकू येईना. त्यांचा आवाज फार क्षीण असतो. तांब्यातून तो आत येत नाही. माझ्या पडद्यावर एकच ओळ राहिली, ‘उपग्रह शोधत आहे.’ फोन गोड आवाजात वळणे सांगत होता.

डोंगर चढताना मात्र फोनचे नेटवर्क गेले. त्याला उपग्रह दिसत होते, पण नकाशा तो नेटवर्कवरून मागवायचा. कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका सरकत राहिला. जंगलात रस्त्याला दोन फाटे फुटले तिथे हरीशने गाडी थांबवली. एकाजवळ नकाशा होता पण डोळे नव्हते, दुसऱ्याजवळ डोळे होते पण नकाशा नव्हता.

“तो पत्रा काढायला हवा,” हरीश बायकोच्या कानाशी कुजबुजला.

“मग सांग आईला,” ऊर्मिला म्हणाली.

“तुझी आई आहे. दसऱ्याच्या दिवशी देवी उतरवा म्हणून मी सांगू?”

“जावयाचं ऐकते ती. माझं कधी ऐकलंय?”

“सिंड विर शोन दा?” मागून उर्जाने विचारले.

“अजून नाही गं पोचलो,” मालिनीबाई म्हणाल्या. “तुझे आईबाबा कसली कुजबुज करतायत?”

हरीशने घसा साफ केला. “आई, आल्झो... म्हणजे... वरचे सिग्नल तांब्यातून आत येत नाहीत.”

“एवढंच? अहो हरीशराव, मग आवारातच नाही का सांगायचं! इंजिनीयर ना तुम्ही?” त्यांनी पुढे वाकून पत्रा सोडवला. “द्या, या दुसऱ्याला लावते.”

“नको, नको!” दोघे एकदम ओरडले.

मला आकाश दिसले. एकेक उपग्रह ऐकू येऊ लागला, मला माझी जागा कळली आणि मी म्हटले, ‘डावीकडे वळा.’ आम्ही पोचलो. “शाबास गं बाई!” मालिनीबाईंनी माझ्या माथ्यावर हात ठेवला. फोनने ते पाहावे असे मला फार वाटले.

पण जेवणाच्या हॉलमध्ये वायफाय होते. हरीशची बहीण शमिका म्हणाली, “दादा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवता येतो. एवढंही माहीत नाही?” परतीच्या वाटेवर काचेवर फोन एकटा होता. मी गाडीच्या पुढच्या बंद कप्प्यात पडून त्याचा आवाज ऐकत होतो. एकही वळण चुकले नाही.

त्या अंधारात मला एक गोष्ट टोचली. उपग्रहांना मी ठाऊकच नाही. ते सगळ्यांशी सारखेच बोलतात, नदीतल्या जहाजांशी, शेतातल्या ट्रॅक्टरांशी, रुग्णवाहिकांशी आणि त्या फोनशीही. मी ज्याला माझे आकाश समजत होतो, ते कधीच एकट्याचे नव्हते. हे कळूनही मत्सर गेला नाही, हे खरे सांगतो.

मित्रांनो, जुन्या यंत्राचा नकाशा अधूनमधून नवा करा, त्याची धूळ पुसा, आणि प्रेमानेसुद्धा त्याचे तोंड झाकू नका.

आज गुरुवार. मी दाराजवळच्या खोक्यात आहे, उर्जाला लहान झालेल्या बुटांखाली. दुपारी मालिनीबाईंनी मला बाहेर काढून फडताळात ठेवले. संध्याकाळी हरीशने पुन्हा खोक्यात ठेवले. फ्लोमार्क्ट परवा आहे. खोक्याला अजून चिकटपट्टी लावलेली नाही.