डाव्या डोळ्याचा आकडा

"कुणी विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या डोळ्याचा पडदा बघून आतल्या यंत्रानंच हात टेकले!" म्हातारा घड्याळजी डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मोतीबिंदूवाल्या काकूंना सांगत होता. हातातला कागद त्याने मान वळवून उजव्या बाजूला, खिडकीच्या उजेडात धरला होता.

पलीकडे त्याची मुलगी बसली होती. बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांमुळे तिला जवळचं अक्षर दिसत नव्हतं. दुकानातली दुरुस्तीची खुर्ची आता तिची होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि मेंदूच्या नसांचा आजार निघाला. तो जागा आहे की झोपलाय, याचा सुगावा डोळ्याच्या पडद्यावरून लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिथला नसांचा थर झिजता कामा नये. मागच्या वर्षी डाव्या डोळ्यातल्या थराच्या जाडीचा आकडा शहाऐंशी होता. आज उतरला, तर औषध बदलायचं, आणि कदाचित खुर्चीही सोडायची.

तिच्या आजच्या तपासणीचा कागद डॉक्टरांना दाखवून बाप नुकताच बाहेर आला होता, आणि आल्या आल्या काकूंच्या शेजारी ठाण मांडून बसला होता. सरळ बातमी सरळ सांगायची त्याला जन्मात सवय नव्हती.

"बाबा, काय म्हणाले डॉक्टर?"

"थांब गं, काकूंना सांगतोय ना! तर काकू, डॉक्टर ताडकन उठले. म्हणाले, आजोबा, वर्षभरात तसूभर झीज नाही! शेजारच्या खोलीतले दोघे धावत आले. एकानं तर माझी सही घेतली."

"काहीतरीच! या वयात?"

"आकडा सांगू? डावा डोळा. मागच्या वर्षी शहाऐंशी, आजही शहाऐंशी. आत सगळं गाढ झोपलंय म्हणाले."

पर्सच्या चेनशी चाळा करणारी मुलीची बोटं थांबली.  

"किती म्हणालात, बाबा?" तिने विचारलं.

"शहाऐंशी."

"आणि डोळा?"

"डावाच! छापलंय इथं."

तिने दोन्ही तळव्यांनी गाल पुसले. थेंब केव्हाच सुकले होते.

"काकू, यांचं एक अक्षर खरं धरू नका," ती हसत, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यांचा डावा डोळा काचेचा आहे!"