मोकळ्या गोदामातला फोन

इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात भाऊसो गोदाम राखायचे. पंच्याण्णवच्या हंगामात साखरेच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि बिरदेव हमाल थप्प्यांमागच्या अरुंद बोळात पोत्यांखाली अडकला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, तेव्हा कुठं दारापर्यंत ऐकू आलं. पाय गेला तो गेलाच. म्हणून शहाण्णव साली कारखान्यात बिनतारी फोन येणार म्हटल्यावर भाऊसोंनी एकच धोशा लावला, त्या बोळातून फोन लागला पाहिजे.

फोनला लहरी पुरवणारे डबे कुठं बसवायचे हे ठरवायला सप्टेंबरात पुण्याहून पुष्कर नावाचा इंजिनिअर आला. गळ्यात टाय, पायात पांढरे बूट. डबे दोनच. पहिला चेअरमनसाहेबांच्या न्हाणीघराबाहेर लागला, कारण साहेबांचा फोन तिथं तुटता कामा नये. काय ती निकड! दुसरा ऑफिसच्या जिन्यात. मग पुष्कर रिकाम्या गोदामाच्या टोकाला जाऊन फोनवर बोलला. ऑफिसातल्या कारकुनाचा आवाज खणखणीत आला आणि स्वारीनं नकाशावर हिरवी खूण केली.

"सायेब, दिवाळीनंतर हितं आढ्यापत्तूर पोती लागत्यात. तवा बघाय नगं व्हय?"

"मामा, लहरी असतात त्या. पोत्यांना विचारून जात नाहीत."

शिवी भाऊसोंच्या अगदी जिभेवर आली होती. पाहुणा म्हणून गिळली.

जानेवारीत बोळातून फोन लागेना. तक्रारींवर तक्रारी गेल्या, तेव्हा पुष्कर परत उगवला. भाऊसोंनी त्याला फोन देऊन थप्प्यांमागं पाठवलं आणि स्वतः दुसरा फोन कानाला लावून दारात उभे राहिले. फोन मुका. जरा वेळानं पोत्यांपलीकडून बारीक हाळी आली, "मामा! ऐकू येतंय का?"

"फोनात न्हाई, सायेब!" भाऊसो ओरडले.

पुष्कर घामाघूम होऊन बाहेर आला.

"न्हाणीघराचा डबा हिकडं लावा, सायेब. हितं मानसं मरत्यात," भाऊसोंनी हात जोडले.

पुष्करनं नकारार्थी मान हलवली आणि अहवाल लिहिला, 'यंत्रणा उत्तम. गोदामात साखर असल्याने अडथळा येतो. साखर अन्यत्र हलवावी.'

साखर कारखान्याच्या गोदामातून साखर हलवावी! भाऊसोंनी कागद दोनदा वाचला. असल्या दीडशहाण्याची त्यांना कीवसुद्धा आली नाही. त्यांनी खुंटीवरची वॉचमनची जुनी शिट्टी काढली आणि बोळाकडं निघालेल्या सयाजी हमालाच्या गळ्यात अडकवली.

"फुकून बघ रं," ते म्हणाले. "चेअरमनसायबांच्या न्हाणीघरात ऐकू गेली पायजे."