सारसासाठी एकच लेन्स

दुकानासमोरच्या तारेवर बुलबुल बसला होता. कॅमेऱ्याच्या सत्तर-तीनशे लेन्समधून त्याच्या शेपटीखालचा लाल डाग स्वच्छ दिसत होता. अठरा-दोनशेमधून तो लहान आणि किंचित पुसट दिसला, पण हातभर अंतरावरचं माणूस तिच्यातच पूर्ण मावत होतं. गोंदियातल्या या दुकानात मी उन्हाळ्यापासून हीच तुलना करत होते. पैसे एकाच लेन्सपुरते होते.

"मॅडम, पंछी के लिए तो तीनसौ ही लीजिए," दुकानदार म्हणाला.

"घे ना ताई," माझा भाऊ विवेक वैतागला. "तू नुसती पाहूनच राहिली. तोवर सारस म्हातारा होईल."

उद्या आम्ही अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या शेतावर जाणार होतो. धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत सारसांच्या जोडीने घरटं केलं होतं आणि आई त्याभोवतीची जागा सोडून रोपांची रोवणी करत होती. पुढच्या वर्षी शेत बटईने दुसऱ्याकडे कसायला जाणार होतं, म्हणजे तिची ही शेवटची रोवणी.

मी तिला फोन लावला. "आई, सारस तुझ्यापासून किती दूर असतात?"

"माह्या बाजूलेच चरतेत. तुले पाहून मात्र उडतीन. तू धुऱ्यावरच थांब." मग ती हसली. "अन् मले काऊन दुरून पाहाचं? ते पलीकडे गेले का बांधीत ये, रोवाले लाग."

म्हणजे बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून सारस लांब, आणि चिखलात आई हाताच्या अंतरावर. तिथे दुसरी लेन्स असती तरी ती बदलायला कोरडा हात मिळाला नसता. इतके दिवस मी फक्त पक्ष्याचाच विचार करत होते.

"अठरा-दोनशे द्या," मी म्हणाले.