चिचिजिमाला दोघीच

चिचिजिमा बेटावर जायचं तिघांचं ठरलं होतं, निघाल्या मात्र दोघीच. आदल्या संध्याकाळी नचिकेतने ऑफिसातून फोन केला, "आई, आमचं सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे गेलंय. मला निघता येणार नाही. तू आणि मिताली जाऊन या."

विभाताईंना ते फारसं रुचलं नाही. मुलाचा संसार बघायला त्या नाशिकहून जपानला, कावासाकीला आल्या होत्या. सुनेशी त्यांचं भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही चहा टाकू का आणि कपडे वाळले का, यापलीकडे जात नसे. आता तिच्या एकटीबरोबर जवळजवळ आठवडा काढायचा, तोही अशा बेटावर, जिथे विमान उतरत नाही आणि जी बोट नेते तीच चार दिवसांनी परत आणते.

टोकियोतल्या ताकेशिबाच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटली. टोकियोचा उपसागर संपेपर्यंत मिताली ठीक होती. मोकळा समुद्र लागला तशी तिला जी बोट लागली, ती आडवीच झाली. त्यांच्या तिकिटाच्या वर्गात एका मोठ्या खोलीत सगळ्यांच्या पातळ गाद्या ओळीने घातलेल्या. विभाताईंना मात्र काहीही होत नव्हतं, आणि याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

"आई, तुम्ही वर जाऊन समुद्र तरी बघा. इथे बसून काय करणार?"

"समुद्र कुठे पळून जातोय? पड तू." त्यांनी लिंबू कापून तिच्या हातात दिलं आणि तिचे पाय चेपायला घेतले. मितालीने आधी पाय ओढून घेतले. मग तेवढंही त्राण तिच्यात उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेट दिसलं, तेव्हा पाण्याचा रंग शाईसारखा गडद निळा झाला होता. धक्क्याजवळच्या घरांपुढे पपया लगडलेल्या, कुंपणाला जास्वंद, आणि किनाऱ्याकडे केवड्यासारखी काटेरी पानांची झाडं. विभाताईंची नजर मात्र एका मोटारीच्या नंबरप्लेटवर गेली.

"हे शिनागावाच लिहिलंय ना गं? आपल्या स्टेशनवर असतं तसं?"

"हो, टोकियोतलं शिनागावा. कागदोपत्री हे बेट टोकियोच आहे," मिताली म्हणाली आणि दोघी पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या छोट्या बोटीने शेजारच्या मिनामीजिमाला गेल्या. तिथे माणसं राहत नाहीत, आणि गाईडशिवाय कुणाला सोडतही नाहीत. गाईड इशीइ-सान नावाची धट्टीकट्टी बाई होती. बाहेरचं एखादं बी बेटावर जाऊन रुजू नये, म्हणून तिने सगळ्यांच्या बुटांचे तळवे ब्रशने घासून घेतले. बोट दोन कड्यांच्या मधल्या फटीत शिरली आणि थांबली. धक्का वगैरे काही नाही. लाटेने बोट वर उचलली, की समोरच्या खडकावर पाय टाकायचा.

इशीइ-सानने विभाताईंचा हात धरला. "इमा!" ती ओरडली. आता, एवढाच त्याचा अर्थ. गुडघ्यांचा विचार मनात यायच्या आत विभाताई खडकावर होत्या. मागे वळून बघतात तर मिताली बोटीची कड घट्ट धरून उभी, चेहरा पांढराफटक.

"मला नाही जमणार आई. तुम्ही बघून या."

"मी एकटी काय बघू? मला जपानी येतं का? खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. हं, आता!"

मिताली आली, ती जवळजवळ त्यांच्या अंगावरच.

टेकाड चढून गेल्यावर खाली पांढऱ्या वाळूच्या कुशीत हिरवंनिळं पाणी दिसलं. पलीकडच्या कड्याला आरपार कमान होती आणि तिच्यातून समुद्र आत येत होता. वाळूवर गोगलगायींचे पांढरे शंख जागोजाग विखुरलेले होते. या जातीच्या गोगलगायी केव्हाच संपल्या, उरलेत ते शंख, आणि त्यातला एकही इथून न्यायचा नाही, असं इशीइ-सानने सांगितलं. मितालीने ते मराठीत केलं आणि वाळूत बसली. कमानीकडे बघतच ती बोलली.

"आई, रिलीज वगैरे काही नाहीये. आमचं भांडण झालंय, म्हणून नचिकेत आला नाही."

विभाताई तिच्याजवळ बसल्या. हळूहळू सगळं बाहेर आलं. उत्तरेकडच्या सेंदाई शहरातल्या एका विद्यापीठाने मितालीला संशोधनाची पाच वर्षांची जागा देऊ केली होती. डॉक्टरेट झाल्यापासून ती याचीच वाट बघत होती. नचिकेतचं म्हणणं, यंदाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की कायमचं भारतात परतायचं.

"का?"

"तुम्ही एकट्या असता म्हणून. त्यावर मी काय बोलणार? तुमच्या आड यायचं नाहीये मला."

विभाताईंच्या कानशिलापर्यंत संताप चढला. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःची घडी नीट बसवून घेतली होती. सकाळी फिरायला जाणं, गणिताच्या शिकवण्या, मैत्रिणी. कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी लॉजच्या ओट्यावरून त्यांनी नचिकेतला फोन लावला. मितालीला त्यांनी मुद्दाम शेजारीच बसवलं.

"मी एकटी आहे म्हणून तू नाशिकला येतोयस?"

"आई, तुला मितालीने..."

"मी विचारतेय त्याचं उत्तर दे."

मग नचिकेत म्हणाला, "मलाच कंटाळा आलाय गं इथे. इतकी वर्षं झाली, तरी मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी चार वाक्यं मनात जुळवावी लागतात. थकलोय मी."

"मग तिला तसं सांग. त्यात लाज कसली? पण माझं नाव पुढे करू नकोस. मी नाशिकला मजेत असते. ज्याला त्रास होतोय त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं."

फोन त्यांनी मितालीच्या हातात दिला आणि आत जाऊन पडल्या. आपण मुलाला लागेल असं बोललो, हे त्यांना कळत होतं. झोप लागेपर्यंत ते मनातून गेलं नाही.

उरलेल्या दिवसांत दोघींनी बेट पालथं घातलं. किनाऱ्यालगत बुडालेल्या जुन्या जहाजाचा गंजका सांगाडा बघितला. टेकडीवरून देवमाशांचे फवारे बघितले. गावच्या सभागृहात बायका नाचाची तालीम करत होत्या. दूरच्या बेटांवरून पूर्वी इथे आलेला हा नाच, आणि गाण्यातल्या काही शब्दांचा अर्थ आता गाणाऱ्यांनाही माहीत नाही. पोकळ ओंडक्यावर ताल धरलेला. एकीने विभाताईंना हाताला धरून ओळीत ओढलं, आणि त्या नाचल्याही.

परतीच्या बोटीबरोबर गावच्या होड्या खूप लांबपर्यंत धावत आल्या. पोरं-पोरी होड्यांतून धडाधड समुद्रात उड्या मारून हात हलवत ओरडत होती. "घरातलं माणूस बाहेर निघालं की असं म्हणतात," मितालीने सांगितलं. "जाऊन ये." विभाताईंनी दोन्ही हात वर करून हलवले.

ताकेशिबाला नचिकेत घ्यायला आला होता. आईशी तो दोन दिवस जेवढ्यास तेवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी मितालीने सेंदाईला होकार कळवला. नचिकेतने नोकरी मात्र सोडली नाही. पुण्याच्या ऑफिसात बदली मिळते का, ते वर्षभराने बघायचं ठरलं, तोवर शनिवार-रविवार त्याने शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सेंदाईला जायचं. हे काही सोपं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. पण विभाताई नाशिकला परतल्या त्यानंतर दर रविवारी फोन येऊ लागला तो मितालीचा, आणि तो लवकर संपत नसे.